पाटील, वाटमाऱ्या, डॉक्टरीण आणि जोगतीण

सायंकाळी ६.४०

सारोळ्यात दुपारपासून पाऊस धरून बसलाय. महामार्गावरचे ट्रक दिवे लावून साताऱ्याच्या दिशेनं चाललेत. नीरेचा पूल ओलांडला की पुणे जिल्हा संपतो, शिरवळ लागतं. थोरला भाचा तिथल्याच एका कंपनीत कामाला आहे. आज त्याची रात्रपाळी, आणि कंपनीची बस पावणेअकराला महामार्गावर येते. या रात्री जे काही झालं त्यात या बसचा वाटा बराच मोठा आहे, म्हणून ती आधीच सांगून ठेवते.

माडीवरच्या खोलीत थोरला आणि धाकटा लॅपटॉप उघडून बसलेत. धाकटा भोरला कॉलेजात जातो. खेळाचं नाव ‘डार्केस्ट डंजन’. कॅनडातल्या व्हँकूव्हरच्या ‘रेड हुक’ नावाच्या छोट्या कंपनीनं तो केला. ख्रिस बुरासा आणि टायलर सिगमन हे त्याचे कर्ते. २०१४ मध्ये त्यांनी लोकांकडून ७५ हजार डॉलर मागितले, जमले ३ लाख १३ हजार. पूर्ण खेळ जानेवारी २०१६ मध्ये आला. सगळी चित्रं सपाट, जाड काळ्या रेषांची, त्यामुळे थोरल्याच्या जुन्या, दुसऱ्याच्या हातून घेतलेल्या लॅपटॉपवरही तो बिनबोभाट चालतो.

गोष्ट अशी: एका खानदानी माणसानं वाड्याखाली खोदता खोदता भलतंच काहीतरी जागं केलं, त्यापायी गाव नासलं, आणि त्याच्या वारसानं आता ते निस्तरायचं. वारस म्हणजे खेळणारा. तो स्वतः तळघरात पाय ठेवत नाही. चार चार माणसांच्या टोळ्या जमवतो आणि खाली पाठवतो. माणूस मेला की मेला. आधीच्या ठिकाणी परत जाऊन चूक सुधारण्याची सोय नाही, कारण खेळ पावलोपावली आपली नोंद स्वतःच करून ठेवतो. या निष्ठुरपणाचं मूळ १९८० च्या ‘रोग’ नावाच्या खेळात आहे. मायकेल टॉय आणि ग्लेन विचमन या कॅलिफोर्नियातल्या विद्यार्थ्यांनी तो केला, आणि अशा खेळांच्या अख्ख्या जातीला त्याचंच नाव चिकटलं.

थोरल्यानं माणसांची नावं बदलून घेतली आहेत. चिलखत घातलेला धर्मयोद्धा म्हणजे ‘पाटील’. पिस्तूल आणि सुरा बाळगणारा ‘वाटमाऱ्या’. चोचीचा मुखवटा घालून विषारी कुप्या फेकणारी ‘डॉक्टरीण’. जखमा भरून काढणारी देवाची बाई ती ‘जोगतीण’. महिनोन्‌महिने रात्री जागून या चौघांना त्यानं वाढवलंय. त्यांची हत्यारं लोहाराकडून तासून घेतलीत, चिलखतं जाड केलीत, अंगावर चांगल्यातले चांगले ताईत चढवलेत. गावात आणखी माणसं आहेत, पण ती कच्ची.

सायंकाळी ७.१५

पहिला निर्णय. जोगतिणीच्या नावाखालची ताणाची पट्टी निम्म्याच्या वर भरलेली आहे.

रक्त कमी होणं, मरणं हे सगळ्याच खेळांत असतं. या खेळानं शरीराशेजारी मनाचाही हिशेब मांडला. अंधार, रक्त, सोबत्याची किंकाळी, उपाशी चालणं, या प्रत्येकाचा ताण माणसावर चढतो. शंभरावर गेला की मन कसोटीला लागतं. चारात एखादा त्यातून ताठ उभा राहतो, बाकीचे मोडतात. कुणी भेदरतो, कुणी संशयी होतो, कुणी सोबत्यांवर तोंड टाकायला लागतो. दोनशेवर गेला की हृदयच बंद पडायला येतं. ताण उतरवायला गावात मठ आहे आणि गुत्ता आहे. माणूस तिथं पाठवला की पैसे जातात आणि त्या आठवड्यापुरता तो मोहिमेला मिळत नाही.

“हिला मठात पाठव की दादा,” धाकटा म्हणाला.

“मग जखमा कोण भरणार, तू?”

जोगतीण मोहिमेवर निघाली. थोरला चुकला असं मी म्हणणार नाही. दुसरी उपचार करणारी त्याच्याकडे नव्हतीच. पण मागाहून हिशेब लावायला बसलं तर पहिली चिठ्ठी इथलीच निघते.

सायंकाळी ७.४०

शिधा. या खेळातली खरी लढाई दुकानात होते असं माझं मत झालंय, आणि ती कुणालाच आवडत नाही. खाली उतरण्याआधी टेंभे, अन्न, फावडी, पट्ट्या, विषावरचा उतारा हे सगळं विकत घ्यायचं. टेंभा ७५ मोहरांना, फावडं २५० ला. फावडं कशाला, तर बोळात दगडमातीचा ढीग आडवा आला तर तो उपसायला. ढीग आलाच नाही तर २५० पाण्यात. आला आणि फावडं नसलं तर हातांनी उपसा: अंग सोलवटतं, ताण चढतो, टेंभ्याचा उजेड घटतो.

मोहीम मधल्या लांबीची, पडक्या अवशेषांतली. काम: नव्वद टक्के खोल्या पालथ्या घालणं. थोरल्यानं दोन फावडी घेतली. तिसऱ्यावर बाण नेला आणि मागं घेतला. “चिलखताला पैसे लागणारेत.” टेंभेही हात आखडूनच घेतले.

रात्री ८.१०

वहिनीनं जेवायला हाक मारली. भाकरी, पिठलं, वर लसणाची चटणी. पहिला घास तोंडात गेला आणि वीज गेली. जेवण मेणबत्तीवर उरकलं. माडीवर परत आलो तर लॅपटॉपची बॅटरी अर्ध्याच्या जरा वर. थोरल्यानं पडद्याचा उजेड कमी केला. “दहापर्यंत आवरतं घेऊ,” तो म्हणाला. तेव्हा ते पटण्यासारखं होतं.

रात्री ८.४५

चौघं खाली उतरले. वेन जून यांचा खर्जातला आवाज घुमला. खेळातल्या मेलेल्या पूर्वजाचा आवाज त्यांचा. लव्हक्राफ्टच्या भयकथांचं त्यांनी केलेलं वाचन ऐकूनच कर्त्यांनी त्यांना गाठलं होतं. धाकट्याला इंग्रजी पुरतं कळत नाही, पण त्या आवाजाची नक्कल तो अशी करतो की वहिनी खालून ओरडते.

लढाईची मांडणी अजब आहे. आपले चार एका ओळीत, समोर शत्रूचे चार. कुणाचा कोणता वार कोणत्या जागेवरून चालतो आणि कुठवर पोचतो हे ठरलेलं. पाटलाचा मुख्य वार पहिल्या दोन जागांवरूनच. डॉक्टरिणीच्या कुप्या मागून फेकायच्या. जोगतिणीचं जखम भरण्याचं बळ मागच्या जागांवरूनच. ओळ जागच्या जागी असेल तर ही टोळी यंत्रासारखी चालते, पहिल्या दोन लढायांत तशीच चालली. सांगाड्यांना रक्तच नसल्यानं त्यांना रक्तस्राव लागू पडत नाही, विष मात्र पडतं. डॉक्टरीण फॉर्मात होती.

मेलेल्या शत्रूचं प्रेत जागा अडवून पडून राहतं, त्यामुळे मागचा तिरंदाज पुढं सरकत नाही आणि पाटलाची तलवार त्याच्यापर्यंत जात नाही. २०१५ मध्ये खेळ अजून घडत असताना ही प्रेतं आली आणि जगभरचे खेळणारे चवताळले. शेवटी कर्त्यांना प्रेतं बंद करण्याची सोय द्यावी लागली. थोरला ती चालूच ठेवतो. “मेलेला माणूस काय हवेत जातो का आत्या?” हे त्याचं म्हणणं.

रात्री ९.१५

पहिला ढीग, पहिलं फावडं. दुसरा ढीग, दुसरं.

मधेच एका कपाटाला पाटलानं न विचारता हात घातला आणि आतला माल हडप केला. हा धर्मयोद्धा खेळाच्या पहिल्या दिवसापासून हातचलाखीची खोड घेऊनच येतो. पैसे मोजून ती खोड काढता येते, पण थोरल्यानं काढली नव्हती. पाटील म्हटल्यावर एवढं चालायचंच, असा विनोद माडीवर जुना झालाय.

बोळात भूक लागली. प्रत्येकी एक शिधा गेला. एका दरबारी सांगाड्यानं समोरून पेला भिरकावला, तो नेमका जोगतिणीवर. त्या पेल्यानं जखम किरकोळ होते, मन मात्र चांगलंच हलतं. तिची पट्टी ऐंशीच्या पुढं गेली.

रात्री ९.४५

मुक्काम. मधल्या मोहिमेत लाकडाची एकच मोळी मिळते, म्हणजे मुक्काम एकदाच. शेकोटी पेटते, माणसं जेवतात, आणि बारा गुण हाताशी येतात. त्यातूनच मलमपट्टी, धीर देणं, हत्यार परजणं आणि रात्रीचा पहारा भागवायचा. अन्न मोजून पाहिलं तर पोटभर जेवण होईल इतकं नव्हतं. अर्धपोटी निजायचं ठरलं.

पाटील जागून पहारा देऊ शकतो. वाटमाऱ्यालाही रात्रीच्या हल्ल्याची चाहूल घेता येते. दोन्हींना गुण मोजावे लागतात. थोरल्यानं बहुतेक गुण जोगतिणीचा ताण उतरवण्यावर आणि जखमांवर घातले, पहाऱ्याला काही उरलं नाही. पट्टी साठाच्या आसपास आली आणि दोघांनी सुस्कारा टाकला.

हल्ला झाला. मुक्कामावरचा हल्ला गडद अंधारात होतो. चौघं त्यातून वाचले, पण शेकोटीनं दिलेलं सगळं निघून गेलं आणि वर जोगतीण पुन्हा ऐंशीवर.

रात्री १०.१५

इथं थांबून हिशेब लावता येतो. पोतं जवळपास भरलेलं: मोहरा, रत्नं, वंशाची जुनी मानचिन्हं. टेंभे दोन. फावडं एकही नाही. अन्न चिमूटभर. डॉक्टरीण अर्ध्या जिवावर. आणि नव्वद टक्के भरायला अजून एक खोली बाकी.

मोहीम अर्ध्यावर सोडता येते. लढाई चालू नसेल तर एक बटण दाबायचं, बस. पोत्यातला माल आपल्याकडे राहतो, माणसं जिवंत परततात. पदरात येत नाही ते ठरलेलं बक्षीस. शिवाय हार मानल्याचा थोडा ताण सगळ्यांवर चढतो.

हे बटण आपल्या मुलखाला कळायला हवं. सारोळ्याहून पुण्याकडे निघालं की कापूरहोळला उजवीकडे नारायणपूरचा रस्ता फुटतो, आणि वर पुरंदर. १६६५ च्या एप्रिलात शेजारचा वज्रगड पडला, पुढं मुरारबाजी देशपांडे पडले, आणि जूनमध्ये शिवाजी महाराजांनी मिर्झाराजे जयसिंगांशी तह केला. तेवीस किल्ले दिले, बारा ठेवले. तेवीस! शाळेत आम्हांला मुरारबाजींचं बलिदान तल्लीन होऊन शिकवलं जायचं आणि तहाचा धडा खाली मान घालून. पण माणसं राखली म्हणून १६७० मध्ये पुरंदर परत घेता आला. गड परत मिळतात, ही समज ज्याच्याकडे आहे त्याच्यासाठीच हा खेळ बनवला असावा असं मला वाटतं. खेळात रोकड, खोल्या, आठवडे सगळं परत मिळतं. मिळत नाही ते फक्त माणूस.

थोरल्याला हे कळत होतं. तो बॅग भरत होता, डबा घेत होता. जाताना म्हणाला, “खोली राहू दे. भाईर काढ त्यांना. बटण दाब आणि बंद कर.”

“हो दादा.”

रात्री १०.३५

थोरला छत्री घेऊन महामार्गाकडे गेला.

रात्री १०.४०

“आत्या, एकच खोली राहिलीये.”

मी काही बोलले नाही. खेळ माझा नव्हता आणि बघायला मजा येत होती, हेही खरं. धाकट्यानं बटण दाबलं नाही. त्याचा हिशेब सरळ होता: बक्षीस मिळालं तर दादा सकाळी खूश होईल. शिवाय बॅटरी वीस टक्के, एका खोलीला पुरेल.

रात्री १०.४४

बोळात तिसरा ढीग. फावडं नाही. चौघांनी हातांनी उपसला. सगळ्यांना खरचटलं, टेंभा मंदावला, आणि जोगतिणीची पट्टी शंभराला टेकली.

पडद्यावर तिचा चेहरा मोठा झाला. चारात एक संधी होती, ती हुकली. जोगतीण संशयी झाली. अशी मोडलेली माणसं आपली पाळी वाया घालवतात, सोबत्यांना घालूनपाडून बोलतात, कधी दुसऱ्यानं केलेला उपचारही नाकारतात. तिच्या बोलण्यानं बाकीच्या तिघांचा ताण चढायला लागला. जी सगळ्यांना सावरायची तीच आता गळती होऊन बसली.

रात्री १०.५०

पोतं भरत आलं की बोळात एक पाहुणा यायची शक्यता असते. खेळात त्याला ‘कलेक्टर’ म्हणतात. हा आपला जिल्हाधिकारी नव्हे. पिवळ्या डगल्यात मुंडकी गोळा करून हिंडणारं भूत आहे ते. डगला उघडतं आणि आतली मुंडकी लढायला समोर सोडतं. कर्त्यांचा खट्याळपणा इथं दिसतो: रिकाम्या हातानं फिरणाऱ्याच्या वाटेला हे भूत जात नाही.

आठ मिनिटं लढाई चालली. वाटमाऱ्यानं पिस्तुलानं कमाल केली. डॉक्टरीण मात्र मृत्यूच्या उंबऱ्यावर गेली. जीव शून्यावर आला म्हणून या खेळात माणूस लगेच मरत नाही, उंबऱ्यावर उभा राहतो. पुढच्या प्रत्येक घावाला वाचण्याची शक्यता ६७ टक्के. आकडा बरा वाटतो. पण सलग तीन घाव बसले तर तिन्हींतून वाचण्याची शक्यता तिसावर येते. डॉक्टरीण पहिल्या दोन घावांतून वाचली. धाकटा उठून उभा राहिला होता. तिसऱ्याला ती गेली.

भूतही पडलं. त्यानं एक मुंडकं टाकलं. त्याच्याकडून तीन प्रकारची मुंडकी मिळू शकतात, आणि तिन्ही दुर्मिळ ताईत आहेत. थोरल्याकडे त्यांतलं एकही नव्हतं.

रात्री १०.५९

पोत्यात जागा नव्हती. काहीतरी फेकावं लागणार होतं. रत्नं फेकायची नाहीत, मोहरा फेकायच्या नाहीत.

धाकट्यानं दोन टेंभे फेकले.

“एक खोली तर राहिलीये,” तो माझ्याकडे न बघता म्हणाला. वरून पूर्वजाचा आवाज काहीतरी बोलला. या वेळी त्यानं नक्कल केली नाही.

मी त्या वेळी नेमकी काय म्हणाले ते आठवत नाही, पण ‘जा परत’ हे शब्द त्यात होते. त्यानं ऐकले नाहीत. ऐकावेत असं माझं वजनही नव्हतं, मी या घरची पाहुणी. बटण अजून चालू होतं. तिघं जिवंत होते, पोतं भरलेलं होतं, दुर्मिळ ताईत हाती होता. डॉक्टरिणीच्या बदल्यात एवढं मिळून बाहेर पडणं हा वाईट सौदा नव्हता.

रात्री ११.०३

टेंभा विझला. गडद अंधारात लूट जास्त मिळते आणि आपले जोरदार वारही जास्त लागतात. म्हणून कसलेले खेळाडू मुद्दाम विझल्या टेंभ्यानं जातात. पण शत्रूचे वारही तसेच लागतात, ताण भराभर चढतो, आणि बेसावध गाठले जाण्याची शक्यता वाढते. बेसावध गाठलं की ओळ विस्कटते, जो जिथं असायला हवा तिथं नसतो.

खोलीच्या दाराआधीच्या बोळात त्यांना गाठलं.

ओळ अशी झाली: सर्वांत पुढं जोगतीण, मधे वाटमाऱ्या, मागं पाटील. जोगतिणीला पुढून जखम भरता येत नाही. पाटलाची तलवार मागून पोचत नाही. मागच्या जागेवरून भाला घेऊन पुढं झेपावणारा त्याचा एक वार आहे, पण एका वेळी सातांतले चारच वार निवडता येतात आणि थोरल्यानं तो निवडलेला नव्हता. ज्या ओळीच्या भरवशावर त्यानं तो वगळला होता ती आता राहिलीच नव्हती.

रात्री ११.०६

धाकट्यानं पळ काढायचा प्रयत्न केला. लढाई चालू असताना पळणं नशिबावर असतं. फसलं. जोगतीण मृत्यूच्या उंबऱ्यावर. तिनं आपल्या पाळीला वाटमाऱ्याला शिव्या घातल्या. पाटलाचं मन शंभर ओलांडून गेलं, तो भेदरला. पुन्हा पळायचा प्रयत्न, पुन्हा फसला.

रात्री ११.०९

जोगतिणीचा ताण दोनशेवर पोचला. हृदयविकाराचा झटका. एरवी झटक्यानं माणूस उंबऱ्यावर येतो. ती आधीच तिथं होती. शत्रूनं तिला शेवटचा हात लावलाच नाही.

वाटमाऱ्यानं एक सांगाडा पाडला आणि पुढच्या पाळीला दोन बाण खाल्ले.

रात्री ११.१२

पाटील एकटा. बाकीचे पडल्यामुळे तो आपोआप पुढच्या जागेवर आला, तलवार पोचायला लागली. त्यानं एक पाडला. त्याच्या प्रेतामागं तिरंदाज उभा. पाटलाची तलवार प्रेतावर चालली, तिरंदाजाचा बाण पाटलावर.

धाकट्याचा हात लॅपटॉपच्या बटणाकडे गेला. “बंद केला तर वाचतील?” नाही. नोंद होऊन गेली होती. एक जण जरी ही लढाई जिंकून परतला असता तरी मेलेल्यांचे ताईत त्याच्यासोबत परत आले असते. सगळेच गेले म्हणजे चौघांच्या अंगावरचे ताईत, ते मुंडकं, पोत्यातली रत्नं, सगळं खालीच राहिलं.

रात्री ११.२०

वीज आली. धाकटा गावातलं स्मशान उघडून बसला. खेळ तिथं प्रत्येकाच्या नावाखाली कशानं मेला ते लिहून ठेवतो. जोगतिणीच्या नावाखाली कुणाही शत्रूचं नाव नव्हतं.

“आत्या, दादाला तूच सांग.”

“खेळ कोण खेळत होतं?”

रात्री १.१०

चहाच्या सुट्टीत थोरल्याचा फोन आला. धाकट्यानं सगळं सांगितलं, काही न लपवता, फेकलेल्या टेंभ्यांसकट. पलीकडून मशीनचा आवाज येत होता. शिवी आली, एकच, आणि तीही आटोपशीर. मग थोरल्यानं विचारलं, “लोहारकाम तसंच आहे ना?” आहे. हत्यारांना धार लावण्याची लोहाराची बढती गावाची असते, माणसाबरोबर ती मरत नाही. “मोहरा किती?” धाकट्यानं आकडा सांगितला. “मठात एकाला पाठवता येईल. गाडीतून कोण आलंय बघ.”

दर आठवड्याला गावात घोडागाडी येते आणि नवी माणसं फुकट देऊन जाते. धाकट्यानं गाडी उघडली. एक कोल्हाट्यासारखा रंगीबेरंगी विदूषक होता, एक शिकारी कुत्रा बाळगणारा, आणि एक जोगतीण.

“तिला घे,” थोरला म्हणाला. “कुत्रेवाल्याला पण. तो रात्रीचा पहारा देतो.”

“नाव काय ठेवू?”

“सकाळी ठेवू. आणि हात लावू नको आता, बंद कर.”

“हो दादा,” धाकटा म्हणाला आणि कुत्रेवाल्याच्या अंगी कोणकोणते वार आहेत ते वाचायला लागला.